दीड फेरा

मराठी माणसाला मोटरसायकलकडून दोन गोष्टी हव्या असतात: पिकअप आणि ॲव्हरेज. दोन्ही एकाच स्क्रूतून हव्या असतात आणि तो स्क्रू पिळण्याचे मिस्त्रीने पैसे घेऊ नयेत, असंही वाटत असतं. जुनी बुलेट असेल तर तिसरी मागणी असते. सिग्नलला गाडी थांबली की ठोके मोजता यावेत इतकी हळू डुगडुग हवी. या तीन मागण्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, हे मान्य केलं तर निम्मं ट्यूनिंग तिथेच संपतं. पण मान्य कोण करतो? म्हणून रविवारी सकाळी पेचकस बाहेर येतो.

मी बोलतोय ते कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० बद्दल. ३४६ सीसी, आणि बाजूला मिककार्बचा व्हीएम २४, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा २४ मिलिमीटर गळ्याचा कार्ब्युरेटर. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले आणि नव्या बुलेटवरून हे प्रकरण गेलं. तिथे आता संगणक पेट्रोल मोजतो आणि त्याला शेजारच्या काकांचा सल्ला ऐकू येत नाही. आपल्याकडे मात्र अजून काका आहेत.

आधी ॲव्हरेजचा निकाल लावू. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. जोर हवा असेल तर मिश्रण त्याहून दाट लागतं, साधारण साडेबारा-तेरा भाग हवेचं. काटकसर हवी असेल तर पातळ, पंधरा-सोळाच्या आसपास. पिकअपचं दुकान आणि ॲव्हरेजचं दुकान रस्त्याच्या दोन बाजूंना आहे. मधल्या दुभाजकावर उभं राहून दोन्हीकडून उधार मागणाऱ्याला काही मिळत नाही. फार तर सायलेन्सरमधून फटके मिळतात. आणि इंजिनाची हवेची भूक थोडी नाही. थ्रॉटलची मूठ पूर्ण पिळून ३,००० आरपीएमला ते मिनिटाला १,५०० वेळा श्वास घेतं. दर श्वासाला सिलिंडर भरला, तर गच्चीवरची ५०० लिटरची टाकी एका मिनिटात रिकामी व्हावी एवढी हवा झाली. एवढ्या हवेला पेट्रोल वाढणारी पितळी भोकं, म्हणजे जेट, सुईच्या टोकाएवढी. म्हणून ती तारेने कोरायची नसतात. मिस्त्री कोरतोच. जेट तुंबलं तर फुंकर किंवा हवेचा दाब, अगदीच हट्टी कचरा असेल तर मऊ तांब्याचा एखादा तंतू. पोलादी तार घातलीत की जेटवरचा आकडा खोटा झाला. मग पुढे वर्षभर तुम्ही खोट्या आकड्याशी भांडत बसता.

आता तो प्रसिद्ध स्क्रू. व्हीएम २४ च्या कुशीला दोन स्क्रू दिसतात. मोठा, स्प्रिंगवाला, हवेची वाट उघडणारी स्लाइड उचलतो. तो रेस कमी-जास्त करण्याचा. छोटा एअर स्क्रू, फिल्टरच्या बाजूला. हा बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. सोपं आहे, फक्त एक गंमत आहे. ज्या कार्ब्युरेटरमध्ये छोटा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे तो हवा नाही, मिश्रण सोडतो. म्हणजे बाहेर काढला की दाट होतं. एका गाडीवर शिकलेली विद्या दुसरीवर उलटी पडते, ती इथे. कट्ट्यावर 'स्क्रू बाहेर काढ' असं सांगणाऱ्याला 'कुठल्या बाजूचा?' एवढंच विचारा. शांतता पसरते.

पण स्क्रूला हात लावण्याआधी बाकीचे संशयित तपासायचे असतात आणि नेमका तोच भाग कंटाळवाणा असल्यामुळे कोणी करत नाही. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनवर वरच्या टोकाला, अशा वेळी पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सळ्या, दोन बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली खेळता कामा नयेत. फिल्टर स्वच्छ हवा. 'कार्ब्युरेटर बिघडला' म्हणून आलेल्या गाड्यांत खरा गुन्हेगार पॉइंट किंवा फिल्टर निघाला, तर मला नवल वाटत नाही. कार्ब्युरेटर म्हणजे घरातली धाकटी सून. दूध नासलं तरी तिच्यावर, मांजर व्यायलं तरी तिच्यावर.

सगळ्यात लबाड संशयित म्हणजे फुकटची हवा. कार्ब्युरेटर इंजिनाच्या हेडला फ्लँजच्या, म्हणजे चपट्या कडेच्या, दोन नटांवर बसतो. 'घट्ट म्हणजे चांगलं' या तत्त्वावर पाना पिळला की फ्लँज केळीच्या सालीसारखा वाकतो आणि मधून हवा आत शिरते. लक्षणं ठरलेली: रेस आपोआप चढते, उतरायला वेळ लावते, कधी डुलते, आणि स्क्रू कितीही फिरवा, फरक पडत नाही. शोधायची युक्ती सोपी आहे. गाडी स्लोवर ठेवा आणि सांध्यावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज बदलला तर भोक तिथे आहे. पेट्रोल शिंपडून बघणारे शूर लोकही असतात. त्यांच्या भुवया नंतर पुन्हा येतात. वाकलेला फ्लँज काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासायचा, ओ-रिंग नवी टाकायची आणि नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे.

एवढं झालं की दहा मिनिटं गाडी फिरवून इंजिन गरम करायचं. एअर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवायचा. टेकवायचा, दाबायचा नाही, नाहीतर त्याच्या टोकाला कायमची खाच पडते. तिथून दीड फेरा बाहेर. मग पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे करत रेस सगळ्यात जास्त चढते ती जागा शोधायची आणि वाढलेली रेस मोठ्या स्क्रूने उतरवायची. हे दोन-तीनदा. ती जागा एका फेऱ्याच्या आतच सापडली तर पायलट जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणारं जेट, लहान आहे. अडीच फेऱ्यांच्या पलीकडे गेली तर मोठं आहे. डुगडुगीच्या मोहात रेस फार खाली उतरवू नका. हळू फिरणारा ऑइल पंप वर, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत, तेल कमी पोचवतो आणि बॅटरीही भरत नाही. कानाला सुख आणि रॉकरला उपवास.

स्क्रूचं राज्य एवढंच, थ्रॉटलच्या पहिल्या पाव भागापर्यंत. पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेल्या, पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईचं, आणि त्यापुढे मेन जेटचं. हायवेवर गाडी खेचत नाही म्हणून एअर स्क्रू पिळणं म्हणजे वरच्या मजल्यावर पाणी येत नाही म्हणून तळमजल्याचा नळ दुरुस्त करणं. मुठीवर आणि शेजारच्या स्विचवर टेपचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. त्रास नेमका कुठल्या खुणेवर होतो ते आधी कळू दे. त्या खुणेवर चोकचा खटका जरा उचलून बघा. गाडी सुधारली तर मिश्रण आधी पातळ होतं, आणखी गुदमरली तर ते आधीच दाट होतं. फुकटची प्रयोगशाळा आहे ही.

सुईला पाच खाचा आणि एक क्लिप. क्लिप वर सरकवली की सुई खाली जाते, मिश्रण पातळ. क्लिप खाली, सुई वर, मिश्रण दाट. हे वाचताना पटतं. क्लिप बोटातून उडून फरशीच्या फटीत गेल्यावर मात्र वर कुठलं आणि खाली कुठलं, काहीच आठवत नाही. खाली पांढरं फडकं अंथरा.

मेन जेट साधारण ९० चं असतं. त्याची परीक्षा चढावर. पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद, आणि प्लग काढून बघायचा. फिकट चॉकलेटी असेल तर ठीक. पांढराफटक म्हणजे पातळ, काळा मखमली म्हणजे दाट. इंजिन बंद न करता डुगडुगत घरी येऊन प्लग बघितलात, तर तो घराच्या गल्लीची हकीकत सांगतो, चढाची नाही. प्लग बोटाने काढायला जाऊ नका, भाजतो. हे सांगावं लागतं.

खरा घोटाळा करतो तो 'परफॉर्मन्स'चा शौक. फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर, मागे मोकळा सायलेन्सर. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. गाडी आवाजाने शेर आणि चढावर शेळी. जेट वाढवून ते सावरता येतं, एका वेळी एकच पायरी, दर वेळी पुन्हा प्लग. पण पावसाळ्यात उघडा फिल्टर पाणी ओढतो, उन्हाळ्यात धूळ, आणि मोकळे सायलेन्सर पोलीस रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. माझं मत विचाराल तर डबा राहू दे. त्यातली शांत हवाच कार्ब्युरेटरला मानवते.

वर हवामान. महाबळेश्वरला हवा मुंबईपेक्षा आठवा हिस्सा विरळ, म्हणून वर गेल्यावर गाडी जरा जड वाटते. तेवढ्यासाठी कार्ब्युरेटर उघडू नका, संध्याकाळी खाली यायचंच आहे. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रुपयातली नऊ-सव्वानऊ आणेच हवा उरते. छोटं जेट खिशात ठेवा. इथेनॉलचं गणित याच्या उलट. त्याला जळायला नऊच भाग हवा पुरते, त्यामुळे २० टक्के मिसळीच्या पेट्रोलवर जुनं जेट पातळ पडतं. सुई एक खाच वर, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधली फ्लोटची वाटी तळाच्या स्क्रूने रिकामी करा.

सगळं जमलं की एका चिठ्ठीवर लिहायचं: एअर स्क्रू दीड फेरा, क्लिप तिसरी खाच, जेट ९०. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली चिकटवायची. मग गाडी कधीतरी पंक्चर काढायला जाते. पंक्चरवाला मागचं चाक काढतो, ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे शोधतो, ठिगळ लावतो, चाक परत बसवतो. आणि किक मारून बघताना, कोणी न सांगता, खाली वाकून त्या छोट्या स्क्रूला पाव फेरा देतो.