कंटाळा असणाऱ्यांसाठी पाककृतींचं पुस्तक लिहिताय?

लिहा, जरूर लिहा. स्वयंपाकाचा कंटाळा येणारी माणसं कधी संपत नाहीत, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कायमचं. फक्त काही पथ्यं पाळा. ती मला परवा रात्री पावणेदहा वाजता, उपाशीपोटी अकरा भांडी घासताना सुचली.

मुखपृष्ठावर मिनिटं हवीतच. 15, 20, फार तर 30. त्यांचा घड्याळाशी संबंध असलाच पाहिजे असं नाही.

प्रस्तावना ऐसपैस लिहा. नमनाला घडाभर तेल ओता, पुढे पाककृतीत थेंबभरच लागणार आहे.

'एकाच भांड्यात' असं ठोकून द्या. मिक्सरचं भांडं, चाळणी आणि फेटायचा वाडगा ही भांडी नसतात.

आता खरी कला, काम लपवण्याची. कृतीच्या पायऱ्या चारच ठेवा आणि उरलेली सगळी मेहनत साहित्याच्या यादीत सरकवा. 'दोन कांदे' असं बावळटासारखं लिहू नका. 'दोन कांदे, अगदी बारीक चिरून तांबूस परतलेले' असं लिहा. म्हणजे चिरणं, रडणं, परतणं हे सगळं साहित्य झालं आणि साहित्याची मिनिटं कुणी मोजत नाही. अगदीच कुणी विचारलं तर 'पाच मिनिटं' सांगा. मंद आचेवर कांदा नीट तांबूस व्हायला पाऊण तास लागतो. त्यातलं पाणी उडेपर्यंत तो शंभर अंशांच्या वर जातच नाही, मग रंग कुठून येणार? पाचव्या मिनिटाला माझ्या कांद्याला नुसता घाम फुटला होता. आच वाढवली तर कडा काळ्या आणि पोट कच्चं. त्याच यादीत खाली 'एक वाटी राजमा, भिजवून शिजवलेला'. भिजवून! म्हणजे 20 मिनिटांच्या जेवणाला आदल्या रात्रीच लागायचं. आणि राजमा अर्धाकच्चा खाऊन भागत नाही, पोट धरून बसावं लागतं. मग बाजारातला डबाबंद का नाही सांगत? डबा म्हटलं की तुमची अब्रू जाते ना!

ज्यांची अब्रू डब्यानं जात नव्हती त्यांचं बघा. अमेरिकेत 1955 साली डॉर्कस रायली या बाईंनी कॅम्पबेल या डबाबंद सुपांच्या कंपनीच्या स्वयंपाकघरात फरसबीचा एक पदार्थ बसवला. त्यात डब्यातलं मशरूमचं सूप आणि वर डब्यातलाच तळलेला कांदा. तळलेला! दुसऱ्या कुणीतरी आधीच तळून ठेवलेला. याला म्हणतात शॉर्टकट. तिथल्याच पेग ब्रॅकन जाहिरातींचा मजकूर लिहायच्या. स्वयंपाकाचा तिटकारा असणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेलं पुस्तक सहा पुरुष संपादकांनी नाकारलं. अखेर ते 1960 साली निघालं आणि 30 लाखांवर प्रती खपल्या. त्यातला एक स्ट्यू पाच तास घेतो, पण ते पाच तास ओव्हनचे. आपण सगळं आत ढकलायचं आणि पुन्हा अंथरुणात शिरायचं, पाककृतीच्या नावातच तसं सुचवलंय. डब्यांच्या त्या खाण्याला चव बेताचीच असेल, मीठही भरमसाठ, पण फसवणूक नव्हती.

तुम्ही मात्र असं काही करू नका. ब्रॅकनबाईंचा विनोद ओट्याशी वैतागलेल्या माणसाच्या बाजूचा होता. तुम्ही त्याच माणसाची टिंगल करा, पानापानावर 'आळशी मंडळींनो' म्हणा.

'घरात असतंच' या मथळ्याखाली 17 जिन्नस द्या.

अडलात की 'चवीनुसार'.

आणि शेवटी 'झालं की हो!' असं उद्गारचिन्हासकट लिहा. परवा ते वाचलं तेव्हा सव्वानऊ वाजले होते, हातात चिकट झारा होता, आणि झालं काहीच नव्हतं.

अहो, लाज वाटत नाही का? तुम्हाला स्वयंपाक आवडतो. कांदा चिरताना तुम्ही गाणी म्हणता. मग तुम्हाला कुणी सांगितलं होतं आमच्यासाठी पुस्तक लिहायला? दिवसभर राबून आलेल्या माणसाला जेवण किती वाजता मिळेल एवढंच हवं असतं, आणि नेमकं तेवढंच तुम्ही खोटं छापता. वर, वेळ लागला तर तो आमचाच हात जड! एकदा स्वतः घड्याळ लावून बघा. कांद्याचं साल काढण्यापासून शेवटचं पातेलं पालथं घालेपर्यंत मोजा, आणि येईल तो आकडा मुखपृष्ठावर छापा. 2 तास आला तर 2 तास छापा. तेवढं वाचलं असतं तर मी ब्रेडला लोणी लावून आठ वाजता जेवून उठलो असतो.