चिंध्यांचा हिशेब

चिंध्यांच्या गाठोड्यामुळे कपाटाचं दार लागेना, तेव्हा घरच्यांनी निर्वाणीचा इशारा दिला, "यांचं काहीतरी कर, नाहीतर आम्ही करतो." ते काय करतील हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. लगेच जाहीर करून टाकलं, यातून छोटंसं दुपटं होणार आहे.

आधी निवडानिवड. सुळसुळीत कापड कात्रीखालून पळतं, टी-शर्टचं ताणतं आणि सिंथेटिक इस्त्रीला वितळून चिकटतं. उरलं सुती. ते धुवून घ्यायला हवं, कारण पहिल्या पाण्यात ते आटतं आणि लाल-निळे तुकडे रंग सोडतात. पण चिंध्या धुतल्यावर हाती येतो तो दोऱ्यांचा गुंता, ज्यात अधूनमधून कापड सापडतं. नापास झालेल्या चिंध्या अर्थातच टाकल्या नाहीत. त्यांचं वेगळं गाठोडं बांधलं.

मग गणित. 5 इंचांचे चौकोन, एका ओळीत 8, अशा 8 ओळी. शाळेच्या हिशेबाने 40 इंच व्हायला हवेत. पण प्रत्येक चौकोनाची चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, आत जाते आणि तयार दुपटं भरतं 36 इंच. म्हणजे 1600 चौरस इंचांतले 304 शिवणीच्या पोटात! वीतभर कापड वाया जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं जीव लावून जपलेल्या चिंध्या, आणि त्यातला जवळपास पाचवा हिस्सा मी स्वतःच्या हाताने उलट्या बाजूला दडवला.

बरं, पाव म्हणजे पावच. प्रत्येक शिवणीत इंचाचा आठवा भाग जरी जास्त गेला, तरी 7 शिवणींत पाऊण इंचाच्या वर गायब. त्यात एखादा तुकडा उरेब, म्हणजे तिरका, कापलेला असला की तो ओढाल तितका लांबतो. मग एक ओळ आखडलेली, दुसरी ऐसपैस, आणि चार चौकोनांचे कोपरे जन्मोजन्मीचं वैर असल्यासारखे एकमेकांना भेटायला तयार नाहीत.

"आई, हा माझा निळा शर्ट आहे ना?"

"तुला लहान झालेला."

"काल घातला होता मी."

निळा कमी पडत होता, त्याला मी काय करणार? गाठोड्यात सतरा रंग असतात, हवा तो सोडून.

खाली अस्तर, मध्ये कापसाचा थर, वर चौकोन. हे सगळं जमिनीवर पसरून मधून कडेकडे कच्चे टाके घालत जायचं. कडेने सुरुवात केली तर मध्ये फुगा येतो. घरात बऱ्याच वर्षांनी कुणीतरी रांगतंय म्हटल्यावर सगळे बघायला जमले. मदतीला कोणी वाकलं नाही, सूचना मात्र उभ्याउभ्या आल्या.

पुढचा धावदोरा सोपा, फक्त चार शिवणी एकत्र येतात तिथे सुई अडून बसते. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, घातलं की टाका कळत नाही, काढलं की सुई कळते.

कडेने गोट, म्हणजे कापडाची पट्टी, लावून दुपटं एकदाचं तयार झालं. अंगावर घ्यावं तर खांदे झाकले की गुडघे उघडे. 36 इंच म्हणजे बाळाचंच माप. त्यामुळे सध्या ओळखीपाळखीत कोणाकडे पाळणा हलणार आहे का, याची चौकशी चालू आहे. नवी लग्नं झालेली जोडपी हल्ली माझा फोन उचलत नाहीत.