‘बोलतच नाही कुणी, मग कथा कसली?’ – ‘व्हर्जिनिया’वरच्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात तो असा: “व्हर्जिनिया घेऊ नका. दोन तासांत संपतो, कुणी एक शब्द बोलत नाही, नुसतं चालायचं. लेखकाचे पैसे वाचवलेत. हरवलेला पोरगा सापडला की नाही तेही सांगत नाहीत, मधेच घरात गवा येऊन उभा राहतो. यूट्यूबवर बघा, नाहीतर खेळून रिफंड घ्या. एकच बरं, भाषाच नाही म्हणून कन्नड-मराठी कुणालाही चालतो, आणि कसल्याही जुन्या लॅपटॉपवर पळतो.”

यातलं काही खरं आहे, बरंच नाही. आणि जे खरं आहे त्याचं कारण चुकीचं दिलंय.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: ‘व्हर्जिनिया’ हा लंडनच्या व्हेरिएबल स्टेट या छोट्या स्टुडिओचा सप्टेंबर २०१६ मधला गेम. काळ १९९२, जागा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं किंगडम नावाचं गाव. लुकस फेअरफॅक्स हा मुलगा बेपत्ता आहे. एफबीआयमध्ये नुकती रुजू झालेली ॲन टार्व्हर ही आपण, आणि बरोबर अनुभवी अधिकारी मारिया हॅल्परिन. पुढच्या काही परिच्छेदांत कथेतलं बरंच उघड होतंय. अजून खेळायचा असेल तर इथंच थांबा.

‘लेखकाचे पैसे वाचवले’ हा मुद्दा आधी निकालात काढू. संवाद गाळले ते खर्च टाळायला, असं म्हणणाऱ्यानं श्रेयनामावली बघितलेली दिसत नाही. लिंडन हॉलंड यांचं संगीत सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलंय, आणि त्या संगीताला २०१७ चा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळालाय. कंजूस माणूस आख्खा वाद्यवृंद भाड्यानं घेत नाही. संवादाचं ओझं इथं संगीताच्या खांद्यावर दिलंय. प्रसंग कुठे वळला हे बऱ्याचदा आधी कानाला कळतं, मग डोळ्याला.

आता मुख्य मुद्दा. बोलणं नाही म्हणजे कथा नाही का?

बेळगावात हा प्रश्न पडावा याचंच नवल. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॉलीवरचा स्पीकर बंद पडला तरी रस्त्याकडेचं पोरगं पेटारा बघून ‘आग्रा’ म्हणतं. फरक आहे, तो मान्य करायलाच हवा: ती कथा त्याला आधीपासून माहीत असते. ‘व्हर्जिनिया’तली माहीत नसते. मग ती पोचते कशी? दृश्य कुठे तुटतं आणि कशाला जोडलं जातं, त्यातून.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. बघणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात दुःख. चेहरा बदललाच नव्हता, शेजार बदलला होता. ‘व्हर्जिनिया’ हेच तंत्र खेळणाऱ्याच्या हाताखाली आणतो. तुम्ही ऑफिसच्या बोळातून चालताय, पाऊल अर्ध्यात असताना चित्र तुटतं आणि तुम्ही जिन्यावर; आणखी दोन पावलं, की तळघरात हॅल्परिनच्या दाराशी. तळघरातली खोली एवढ्यावरच कळतं की या बाईला खात्यानं बाजूला टाकलंय. कुणी सांगायची गरज पडली नाही.

म्हणजे ‘नुसतं चालायचं’ ही तक्रार नेमकी उलटी बसते. चालण्याचा कंटाळवाणा भाग कापून टाकणारा हा गेम आहे. ही कात्री त्यांनी कुठून उचलली तेही लपलेलं नाही: ब्रेंडन चंग यांचा २०१२ चा ‘थर्टी फ्लाइट्स ऑफ लव्हिंग’. तो तर पंधराएक मिनिटांत संपतो आणि त्यातही कुणी बोलत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात काय काय सांगून होतं ते मोजा. आरशासमोर लिपस्टिक, पडद्याआडून मंचावर जाणं, बिल्ला हातात पडणं. मग साहेबाच्या खोलीत कामं दोन: मुलगा शोधणं, आणि जिच्याबरोबर शोधायचा त्या हॅल्परिनवरच नजर ठेवणं. आपल्याकडच्या कुठल्याही खात्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. गोपनीय अहवाल ही काय चीज आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथून पुढे हॉटेलात समोर बसलेल्या हॅल्परिननं नुसतं तुमच्याकडे बघितलं तरी अस्वस्थ व्हायला होतं, कारण तिच्यावरची फाईल तुमच्याकडे आहे. संवाद असता तर तिनं काहीतरी विचारलं असतं, ॲननं काहीतरी थाप मारली असती, आणि तो ताण ॲनचा झाला असता. गप्प राहिल्यामुळे तो खेळणाऱ्याचा होतो.

ज्यांना काही कळलं नाही ते बहुतेक एकाच ठिकाणी चुकतात: ते फक्त कुठे क्लिक करायचं ते शोधत असतात. पडद्याच्या मध्यावरचं चिन्ह बदललं की वस्तूला हात लावता येतो, एवढाच इथला नियम. म्हणून नजर त्या चिन्हावर खिळते आणि खोली बघायची राहते. नव्या खेळाडूला तीन गोष्टींची सवय लावा. दृश्य बदललं की आधी उजेड बघायचा (दिवस की रात्र, कारण काळ पुढेमागे होतो), मग समोरच्या माणसाचे कपडे, मग आपल्या हातात काय आहे ते. यात दोन-चार सेकंद जातात. खेळ तुम्हाला पळवत नाही. पुढचं दृश्य बहुतेक वेळा तुमच्या क्लिकचीच वाट बघत असतं. पिसं आणि फुलं गोळा करायची सोय आहे, पण पहिल्या खेपेला ती सोडा. ती शोधायच्या नादात माणूस कोपरे हुंगत फिरतो आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे त्याची पाठ होते.

‘पोरगा सापडला की नाही ते सांगत नाहीत.’ बरोबर, सरळ सांगत नाहीत. पण कोडं पोराचं नाहीच. लुकसचं प्रकरण ही ॲनला हॅल्परिनच्या गाडीत बसवण्याची सबब आहे. खरा प्रश्न हा, की ती फाईल साहेबाला देणार की नाही. आणि त्याचं उत्तर गेम देतो, तेही बऱ्याच स्पष्टपणे: फाईल दिली तर पुढचं आयुष्य कसं जाईल हे झरझर दाखवलं जातं, एकामागून एक सहकाऱ्यांचा बळी देत वरच्या खुर्चीपर्यंत. ती कल्पना आहे, घडलेलं नाही, हे ओळखलं की शेवट सुटतो. अनेकांनी ते घडलेलंच धरलं आणि पुढे सगळं गुंतलं.

इथं टीकेला जागा आहे आणि ती द्यायला हवी. शेवटच्या भागात नशेतलं स्वप्न, आठवणी आणि प्रतीकं एकावर एक रचलीत. शब्द नसलेल्या कथेत स्वप्न आणि सत्य वेगळं ठेवायला काहीतरी ठाम खूण लागते, रंग म्हणा, सूर म्हणा. ‘व्हर्जिनिया’ ती खूण दर वेळी पाळत नाही. हा दोष मांडणीचा आहे, मौनाचा नाही. मौन सांभाळून काटेकोर राहता येतं याचा दाखला हवा तर जेसन रॉबर्ट्स यांचा ‘गोरोगोआ’ बघा (२०१७): चार चौकटी, त्या सरकवायच्या, एकमेकींवर ठेवायच्या, आत शिरायचं. एकही शब्द नाही, आणि चुकीची चौकट चुकीच्या जागी बसतच नाही.

आणि तो गवा! भीमगडच्या रानाशेजारी राहणाऱ्यांना तो गवा वाटणं साहजिक आहे, पण तो गवा नव्हे. खांद्यावर उंच मदार, मानेला आणि छातीला झुपकेदार केस, म्हणजे अमेरिकन बायसन. आपल्या गव्याला असे झुपके नसतात, पायांना पांढरे मोजे असतात. फरक शेतकरी पटकन सांगेल, फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं बघितलेला नाही. बायसन हा अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी, हे २०१६ मध्येच ठरलं. पूर्वी लाखोंनी मारून जवळपास संपवलेला. गेममध्ये दिसणारा लाल पक्षी कार्डिनल, तो व्हर्जिनियाचा राज्यपक्षी. या खुणांचा अर्थ तिकडच्या खेळाडूला आपोआप लागतो, आपल्याला लागत नाही.

यातूनच ‘भाषाच नाही, कुणालाही चालतो’ हा मजकुरातला कौतुकाचा मुद्दाही लंगडा पडतो. बोलणं नाही, पण लिखाण आहे: फाईलवर, बिल्ल्यावर, कागदांवर, आणि ते इंग्रजीत. मराठी किंवा कन्नड पर्याय नाही. हॅल्परिनची फाईल वाचता आली नाही तर ‘हा खुन्याचा कागद असेल’ असा समज होतो आणि पुढचा सगळा ताण हुकतो. तेव्हा इंग्रजीशी फटकून असलेल्या कुणाला खेळायला बसवणार असाल तर आधी दोन वाक्यं सांगा: ‘तुला तुझ्याच जोडीदारावर नजर ठेवायला सांगितलंय. हरवलेलं पोरगं हे वरवरचं काम.’ बस्स. यानं मजा जात नाही, उलट सुरू होते.

खरोखर अक्षरांवाचून चालणारा खेळ हवा असेल तर चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा ‘मशिनारियम’ (२००९). त्यातले यंत्रमानव डोक्यावरच्या फुग्यात चित्रं काढून बोलतात, अडलात तर मदतीची वहीही चित्रांतच. कन्नड माध्यमातलं पोर आणि मराठी माध्यमातलं पोर एकाच खुर्चीत बसून तो संपवू शकतात. आपल्या कर्नाटकात याला जुना दाखला आहेच: १९८७ चा कमल हासनचा बिनसंवादी चित्रपट कन्नडमध्ये ‘पुष्पक विमान’, हिंदीत ‘पुष्पक’. बदललं ते फक्त नाव.

यूट्यूबचं म्हणाल तर अर्धं मान्य. या गेममध्ये निवडीचे फाटे नाहीत, शेवट बदलत नाही, त्यामुळे घटना कळायला व्हिडिओ पुरेल. पण घटना तर या परिच्छेदांतूनही कळल्या की. व्हिडिओत मान दुसरा माणूस वळवतो. तुम्हाला हॅल्परिनचा चेहरा बघायचा असतो तेव्हा तो टेबलावरचा कप बघत असतो, आणि ज्या गेमची जान शांततेत आहे त्यावर तो अखंड बडबडत असतो.

जुन्या लॅपटॉपबद्दल. सुरू होईल, पण ‘कसल्याही’ नको. इथं दृश्य तुटण्याची, म्हणजे कटची, वेळ संगीताशी बांधलेली आहे. हार्ड डिस्क संथ असेल तर नवं दृश्य उघडताना चित्र अडखळू शकतं आणि ताल चुकतो, एसएसडी या वेगवान डिस्कवर टाका. चार्जर लावून खेळा, बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग उतरवतात. ब्राउझर बंद. तरी अडखळला तर रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणा, चित्रं मुळात साध्या सपाट रंगांची असल्यानं फार बिघडत नाही. हेडफोन वायरचा घ्या. स्वस्त ब्लूटूथला आवाज दीडदोनशे मिलिसेकंद मागे पडतो आणि तेवढ्यात कट होऊन गेलेला असतो. सततच्या तुटण्यानं डोकं गरगरत असेल तर खोलीतला दिवा लावून ठेवा, पडद्यापासून हातभर मागे सरका, माउसची संवेदनशीलता कमी करा. आणि सलग दोन तास मिळतील अशी वेळ बघा. करंट ज्या वेळी जातो म्हणून माहीत आहे ती वेळ सोडून. मधेच तुटला तर धागा हातचा जातो.

राहिला रिफंड. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा नियम जून २०१५ पासूनचा: खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि खेळण्याची वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत. ही वेळ गेम सुरू असेपर्यंत मोजली जाते. मेन्यूवर थांबवून जेवायला गेलात तरी घड्याळ चालूच. गेम आवडला नाही म्हणून पैसे मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यावर वाद नाही. पण पूर्ण खेळून मग मागायची सवय लावली तर ही सोय बंद करायचा अधिकार स्टीमनं राखून ठेवलाय. छोट्या कथा करणाऱ्यांना याचा फटका बसतो तो खराच. ‘समर ऑफ ५८’ हा असाच दोन तासांच्या आतला गेम. कौतुक करूनही लोकांनी पैसे परत घेतले म्हणून त्याच्या निर्मात्यानं ऑगस्ट २०२१ मध्ये गेम करणं बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं.

‘व्हर्जिनिया’ दोन तासांच्या आसपास संपतो, त्यामुळे चटकन खेळणारा मुदतीत बसेल. फक्त शेवट झाल्यावर पुन्हा सुरू करून आरसा, मंच, बिल्ला आणि साहेबाची खोली एवढंच परत खेळून बघा. पहिल्या खेपेला समारंभ वाटलेला तो आरसा आता वेगळाच दिसतो. एव्हाना घड्याळानं दोन तास ओलांडलेले असतील.