‘ताई, आधी अभ्यास करा’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

फ्रॉट्झ हा इंटरप्रिटर (जुन्या खेळांच्या फाइली आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) वापरून जुने टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे मजकूर वाचून आणि आज्ञा टाइप करून खेळायचे खेळ, कसे खेळावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल वाचली, आज पुन्हा वाचली आणि उत्तर इथेच, सगळ्यांसमोर द्यायचं ठरवलं. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देते. तुम्ही म्हणता, इंटरप्रिटरवर खेळलेला झॉर्क (त्यातलाच एक गाजलेला खेळ) हा झॉर्कच नव्हे. खरा खेळ हवा तर मूळ मशीन मिळवा, निदान तिचा एम्युलेटर (त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) तरी वापरा. अनडू, म्हणजे केलेली चाल मागे घेण्याची सोय, वापरायला सांगून मी खेळाचा जीव घेतला. खेळाच्या खोक्यातून येणाऱ्या कागदपत्रांचा उल्लेख नाही, फाइली कुठून आणायच्या त्याचा पत्ता नाही. आणि शेवटी: ‘ताई, आधी अभ्यास करा, मग लिहा. हल्ली कुणीही उठतं आणि जुन्या गोष्टींवर ज्ञान पाजळतं.’

मी शेवटापासून सुरुवात करते, कारण लागलं ते तिथे.

मतभेदाचं मला वावडं नाही. ‘हे असं नसून तसं आहे’ एवढंच तुम्ही लिहिलं असतंत, तर मी तुमचे आभार मानून मुद्द्यावर आले असते. तुम्ही आधी मला अडाणी ठरवलंत आणि मुद्दे नंतर त्याला जोडलेत. आरंभी ‘ताई’ घातल्याने पुढचं वाक्य मायेचं होत नाही. मी काय वाचलंय, काय खेळलेय, किती वर्षं खेळलेय, यातलं काही तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या लेखातली एक शिफारस तुमच्या आवडीशी जुळली नाही, एवढ्या भांडवलावर तुम्ही माझ्या अभ्यासाचा निकाल लावलात. याला टीका म्हणत नाहीत. आणि मला जास्त त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने. हे खेळ आज नव्याने खेळू पाहणारी मुलं-मुली तुमची ओळ वाचतात आणि समजतात की चाळीसेक वर्षं जुनं मशीन घरात नसेल तर आपण या वाटेला जायचंच नाही. लेख लिहिला होता तो अशांनी यावं म्हणून.

अभ्यासाचं काढलंच आहे तर सांगते. शाळेत असताना एका नातेवाइकांच्या कॉम्प्युटरवर मी झॉर्क पहिल्यांदा पाहिला. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे शब्दकोश मांडीवर उघडा ठेवून खेळत असे. वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढले. चक्रव्यूहातल्या एकसारख्या खोल्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जायचं, ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. आणि टाकलेल्या वस्तू तो चोर उचलून भलतीकडे नेतो, हेही माझं मीच शोधलं. पुढे नोकरीत, कामाशी काडीचा संबंध नसताना, ग्रॅहम नेल्सन यांनी १९९७ साली सिद्ध केलेलं झेड-मशीनचं (झॉर्क ज्या कल्पित यंत्रासाठी तयार केला गेला त्याचं, पुढे सांगतेच) स्टँडर्ड समोर ठेवून मी स्वतः एक छोटा इंटरप्रिटर लिहिला. तो फक्त त्या यंत्राच्या तिसऱ्या आवृत्तीच्या फाइली चालवतो. पण झॉर्कचा पहिला भाग त्यावर ३५० पैकी ३५० गुण मिळेपर्यंत खेळता येतो. या फाइलींतल्या मजकुरात दोन बाइटांत पाच-पाच बिटांची तीन चिन्हं बसवलेली असतात, उरलेला सोळावा बिट मजकूर संपल्याची खूण असतो, आणि पुन्हापुन्हा येणारे तुकडे ९६ संक्षेपांच्या तक्त्यात वेगळे काढून ठेवलेले असतात. हे सगळं मी माझ्या हाताने उलगडलं आहे. त्या आकड्यांच्या रांगेतून पांढऱ्या घरासमोरचं मैदान शब्दाशब्दाने बाहेर येताना मी पाहिलंय. तेव्हा ‘कुणीही उठतं’ हे शब्द निदान माझ्या बाबतीत तुम्ही मागे घ्यावेत, अशी माझी अपेक्षा आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य: इंटरप्रिटरवरचा झॉर्क हा झॉर्क नव्हे.

झॉर्क एमआयटीत १९७७ ते १९७९ या काळात लिहिला गेला. लिहिणारे चौघे: मार्क ब्लँक, डेव्ह लेबलिंग, टिम अँडरसन आणि ब्रूस डॅनियल्स. प्रोग्रॅमिंगची भाषा एमडीएल, यंत्र डेक कंपनीचं मोठं पीडीपी-१०. १९७९ साली इन्फोकॉम कंपनी निघाली आणि हा खेळ घरगुती कॉम्प्युटरवर आणायची वेळ आली, तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. खेळ त्या छोट्या मशीनींना झेपणारा नव्हता, म्हणून त्याचे तीन भाग करावे लागले. दुसरी अडचण जास्त अवघड होती. टीआरएस-८०, अ‍ॅपल टू आणि पाठोपाठ येणारी इतर मशीनं, यातल्या एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. प्रत्येक खेळ प्रत्येक मशीनसाठी नव्याने लिहायचा म्हटलं तर कंपनी पहिल्याच वर्षी बसली असती.

यावर जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी काढलेला तोडगा मला आजही संगणकाच्या इतिहासातल्या देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो. त्यांनी जगात कुठेच नसलेलं एक यंत्र कागदावर रचलं: झेड-मशीन. खेळ लिहायचा तो या कल्पित यंत्रासाठी. त्यातून तयार होते ती स्टोरी फाइल. मग प्रत्येक खऱ्या मशीनसाठी एकेकदाच एक प्रोग्रॅम लिहायचा, जो त्या कल्पित यंत्राचं सोंग घेऊन स्टोरी फाइल वाचेल. तो प्रोग्रॅम म्हणजे इंटरप्रिटर. खुद्द इन्फोकॉममध्ये त्याचं नाव होतं झेड-मशीन इंटरप्रिटर प्रोग्रॅम.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. १९८१ साली झॉर्कचा पहिला भाग विकत घेऊन ज्याने फ्लॉपी अ‍ॅपलमध्ये घातली, तोसुद्धा इंटरप्रिटरवरच खेळत होता. त्या फ्लॉपीवर दोन गोष्टी होत्या: अ‍ॅपलचा इंटरप्रिटर आणि स्टोरी फाइल. झेड-मशीन हे खरं यंत्र इन्फोकॉमने कधी बांधलंच नाही, त्यामुळे दुकानात विकला गेलेला झॉर्क त्या काळी इंटरप्रिटरशिवाय कुठल्याही मशीनवर एक क्षणही चालला नाही. तुम्ही ज्याला नक्कल म्हणता ती या खेळाची मूळ रचना आहे. क्रॉथर आणि वुड्स यांच्या अ‍ॅडव्हेंचरबद्दल तुम्ही हे बोलला असतात तर बोलायला जागा होती. तो १९७६-७७ सालचा खेळ फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे आणि त्याचा पीडीपी-१०शी थेट संबंध आहे. पण उदाहरण तुम्ही झॉर्कचं घेतलंत.

आणि तुमच्या एम्युलेटरचं काय? एम्युलेटर आधी अ‍ॅपलच्या ६५०२ प्रोसेसरची नक्कल करतो. त्या नकलेवर इन्फोकॉमचा अ‍ॅपलसाठीचा इंटरप्रिटर चालतो. तो इंटरप्रिटर मग स्टोरी फाइल वाचतो. फ्रॉट्झ तीच फाइल सरळ वाचतो. ‘मूळच्या जवळ’ म्हणून तुम्ही मधला एक थर वाढवता आणि थर कमी करणाऱ्या मला अभ्यास करायला सांगता.

बरं, मूळ मशीन म्हणजे नक्की कोणती? इन्फोकॉमचे खेळ डझनभराहून जास्त प्रकारच्या कॉम्प्युटरवर निघाले. लेखक स्वतः ते लिहीत आणि तपासत होते डेकच्या मोठ्या यंत्राला जोडलेल्या टर्मिनलवर, अ‍ॅपलसमोर बसून नव्हे. अ‍ॅपल टू प्लसवर तर इंग्रजी लहान अक्षरंच नव्हती. सगळा मजकूर कॅपिटलमध्ये दिसायचा, तोही एका ओळीत ४० अक्षरं. स्टोरी फाइलमध्ये मात्र लहान-मोठी अक्षरं लेखकांनी लिहिली तशीच नोंदलेली आहेत. फ्रॉट्झ ती तशीच दाखवतो. लेखकाने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं समोर येणं जास्त खरं, की त्या काळच्या एका स्वस्त स्क्रीनची मर्यादा जपणं जास्त खरं? माझं उत्तर पक्कं आहे.

खेळाचा स्वभाव इंटरप्रिटर बदलतो, हाही तुमचा समज दिसतो. तिसऱ्या आवृत्तीतला पार्सर, म्हणजे टाइप केलेली आज्ञा समजून घेणारा भाग, कुठल्याही शब्दाची पहिली सहा अक्षरंच ओळखतो. ही मर्यादा फ्रॉट्झवरही तशीच राहते, कारण शब्दांची यादी स्टोरी फाइलमध्येच असते. वरच्या पट्टीत जागेचं नाव, गुण आणि चालींची संख्या दिसते. इन्फोकॉमच्याच ‘डेडलाइन’ या खेळात गुणांऐवजी घड्याळ दिसतं. ते ठरवणारा बिटही फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, आहे. कंदील कधी विझणार, चोर कधी गाठणार, अंधारात ग्रू नावाचा राक्षस केव्हा खाणार, यातलं काहीही इंटरप्रिटरच्या हातात नाही. संहिता बदलत नाही, रंगमंच बदलतो.

मंचाचाच भाग असलेली एक गोष्ट खरी आहे, आणि ती मी मान्य करते. खोक्यातला ऐवज इंटरप्रिटरमध्ये नसतो. ‘डेडलाइन’ १९८२ साली निघाला तेव्हा डिस्कवर न मावलेला मजकूर कागदावर छापून खोक्यात घातला गेला, साक्षीदारांचे जबाब वगैरे. आणि तिथून ती प्रथाच पडली. नंतरच्या काही खेळांत तर ते कागद हाताशी नसतील तर पुढे जाताच येत नाही. लेखात यावर एक परिच्छेद शोभला असता. आता त्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळतात, त्या खेळण्याआधी जरूर वाचाव्यात. हा मुद्दा तुमचा, आणि तुमच्या नावावर जमा.

अनडूबद्दल इतकंच म्हणेन की झेड-मशीनच्या पाचव्या आवृत्तीत ती सोय खुद्द इन्फोकॉमने आणली. झॉर्कसारख्या जुन्या खेळांत ती नव्हती. फ्रॉट्झ ती एका कीवर देतो. ज्याला नको त्याने ती की दाबू नये. यात जीव घेण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

फाइलींचा पत्ता मी दिला नाही, कारण तो लेखाचा विषय नव्हता. ज्यांच्याकडे अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने १९९१ साली काढलेला इन्फोकॉमच्या खेळांचा संग्रह आहे, त्यांना त्यातल्या डॅट फाइली (म्हणजे स्टोरी फाइलीच) तशाच फ्रॉट्झला देता येतात. शिवाय झॉर्कच्या तिन्ही भागांचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये एमआयटी लायसन्सखाली खुला केला. पुढचं शोधणं अवघड नाही.

तुमची आणखी एक ओळ आहे, ‘हौशी लोकांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरवर कसला भरवसा’. ती मी सोडून देणार होते, पण सोडवत नाही. इन्फोकॉम १९८९ साली बंद झाली. तिचे इंटरप्रिटर ज्या मशीनींसाठी लिहिले होते ती मशीनं अडगळीत गेली. झेड-मशीनची रचना कंपनीने तेव्हा कधी जाहीर केली नव्हती. १९८७च्या सुमारास काही हौशी मंडळींनी ती बाहेरून, फाइली तपासत तपासत उलगडायला घेतली. त्यातूनच पुढे नेल्सन यांचा इन्फॉर्म हा खेळ लिहिण्यासाठीचा प्रोग्रॅम १९९३ साली आला आणि त्याच कल्पित यंत्रासाठी नवे खेळ लिहिले जाऊ लागले. स्टेफान योकिश यांनी १९९५ साली फ्रॉट्झ लिहिला. पुढे इतरांनी तो एकामागून एक नव्या मशीनींवर नेला. यातल्या कुणाला कुणी पगार दिला नाही. हे लोक नसते तर तुमच्या-माझ्या हातात न वाचता येणाऱ्या फ्लॉप्या उरल्या असत्या. त्यांच्याबद्दल ‘कसला भरवसा’ म्हणण्याआधी तुम्ही जरा थांबायला हवं होतं. मला काय म्हणालात त्यापेक्षा हे मला जास्त झोंबलं.

राहिला पुरावा. माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमच्या एम्युलेटरमधल्या डिस्कच्या इमेजमधून झॉर्कची स्टोरी फाइल वेगळी काढा. त्यासाठीची साधनं आहेत, आणि इतका अभ्यास असल्यावर ती तुम्हाला ठाऊक असतीलच. तीच फाइल फ्रॉट्झमध्ये उघडा. दोन्हीकडे ‘व्हर्जन’ ही कमांड द्या. रिलीजचा क्रमांक आणि सीरियल नंबर दोन्हीकडे तोच येईल. माझ्याकडच्या प्रतीत तो रिलीज ८८, सीरियल ८४०७२६ असा आहे. मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला जोडून ‘व्हेरिफाय’ टाइप करा. ही इन्फोकॉमने स्वतः ठेवलेली तपासणी आहे: खेळ हेडरनंतरच्या आपल्या सगळ्या बाइटांची बेरीज करतो आणि हेडरमध्ये लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. फाइल धड असेल तर डिस्क बरोबर असल्याचं सांगतो. फ्रॉट्झवरही तो तेच सांगेल.

एवढं करून काय दिसलं ते इथे खाली लिहा. वेगळं काही दिसलं तर तेही लिहा, मी वाचेन आणि उत्तर देईन. फक्त या वेळी ‘ताई’ आणि ‘अभ्यास’ वगळून.