मुखवटे काढले तर काय उरतं?

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की २००६ची युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, फिनलंडच्या लॉर्डी या रॉक बँडने राक्षसांचे मुखवटे आणि फटाके यांच्या जोरावर मारली. वाद्यंसुद्धा टेपवर होती. हा तामझाम काढला तर गाण्यात काही दम नाही. मला हे अजिबात पटत नाही.

टेपचा मुद्दा आधी. या स्पर्धेतून ऑर्केस्ट्रा १९९९ सालीच गेला. तेव्हापासून सगळ्याच देशांची वाद्यं मुद्रित असतात, मुख्य गायन मात्र प्रत्यक्ष. म्हणजे त्या वर्षी अथेन्सच्या मंचावर बँडचा गायक मिस्टर लॉर्डी चेहऱ्यावर लेटेक्सचा थर चढवून, अंगावर तो अवजड पोशाख वागवत खरोखर गात होता. आणि हे मुखवटे कुणा कंपनीकडून भाड्याने आणलेले नव्हते. रोव्हानिएमीचा हा माणूस बँडचे मुखवटे स्वतः घडवतो. ती त्याची कला आहे, तिला तामझाम म्हणू नका.

आता गाणं. पडदा बंद करून त्यांचं ‘हार्ड रॉक हालेलुया’ नुसतं ऐका. नियमाप्रमाणे सगळं तीन मिनिटांत बसवायचं असतं. गिटार जाडजूड, गळा खरखरीत, पण ध्रुवपद आलं की चाल एकदम मोकळी होते, मागून कोरस चढतो, आणि दुसऱ्यांदा येईपर्यंत आपण गुणगुणायला लागलेलो असतो. शेवटाकडे त्याच्या पाठीतून पंख उघडतात ते मला आजही आवडतं, कारण तोवर गाण्याने ती जागा कमावलेली असते. विजयानंतर हेलसिंकीच्या बाजारचौकात सुमारे ८० हजार लोकांनी हे एकत्र गायलं. चाल कच्ची असती तर हे झालं असतं का?

मुखवट्यांनी लोकांचं लक्ष वेधलं, हे खरंच. पण उपांत्य फेरीत २९२ गुण मिळाले, आणि दोन दिवसांनी, अचंबा ओसरल्यावर, अंतिम फेरीतही २९२च. दुसऱ्या क्रमांकावरचा रशिया २४८वर होता. यजमान ग्रीसमध्ये तर काही गटांनी ‘हे सैतानाचे भक्त, यांना येऊ देऊ नका’ अशी ओरड केली होती. त्याच ग्रीसच्या प्रेक्षकांनी फोन करकरून त्यांना, एक देश जास्तीत जास्त देऊ शकतो ते, पूर्ण १२ गुण दिले!

फिनलंड १९६१पासून या स्पर्धेत उतरत होता. तोवरची सर्वोत्तम मजल १९७३चा सहावा क्रमांक, आणि तीनदा तर चक्क शून्य गुण. इतकी वर्षं नीटनेटक्या कपड्यांत गाऊन जे जमलं नाही ते या पाच जणांनी, युरोपला रुचेल असं सौम्य काही न गाता, स्वतःच्याच आवाजात करून दाखवलं. मी मूळ लेखात ‘धाडस’ म्हटलं ते याला, आणि तो शब्द मी मागे घेणार नाही.

आधी नुसतं ऐका, मग २० मेच्या रात्रीचं सादरीकरण बघा. तरीही नाही आवडलं तर नेमकं काय खटकलं ते इथेच लिहा, मी वाट बघतो.