नेटच्या वर दोन हात

चव्वेचाळिसाव्या वर्षी टेनिस शिकायला लागले तेव्हा घरच्यांचं एकच म्हणणं होतं, गुडघे जातील. गुडघे शाबूत आहेत. गेला तो तोरा.

झालं असं की चार महिन्यांच्या कोचिंगनंतर मला वाटायला लागलं, आता आपल्याला येतं. फोरहँड सणसणीत बसायचा, म्हणजे दहातला एखादा. बाकीचे नऊ कुठे जायचे ते मी मोजत नव्हते. एका रविवारी कोर्टावर जोडीदार नव्हता, म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांबरोबर सेट खेळले. वय अडुसष्ट, डोक्याला दुपट्टा, चाल संथ. सहा-शून्य. अर्धा तासही लागला नाही. मी सर्व्ह केलेल्या (म्हणजे पहिला फटका माझा असलेल्या) तीन गेममध्ये नऊ डबल फॉल्ट, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी वाया आणि गुण काकांना. काकांनी एकही जोराचा फटका मारला नाही. ते फक्त बॉल परत पाठवत होते, उंच, मधोमध. आणि मी तो नेटमध्ये घालत होते.

पाणी पिताना काका म्हणाले, "अवो मॅडम, एवढ्या जोरात कोनाले मारून राह्यल्या? नेट तं तिथंच हाय, पळून नाही जाऊन राह्यलं."

मला राग आला. घरी येऊन रागारागातच मोजमापं काढून बसले (बँकेत नोकरी, आकड्यांशिवाय समाधान होत नाही). कोर्टाची लांबी 23.77 मीटर. नेट मध्यभागी 91.4 सेंटीमीटर, खांबांजवळ 1.07 मीटर. म्हणजे कडेच्या रेषेलगत सरळ मारला तर तिथे नेट साधारण पंधरा सेंटीमीटर जास्त उंच आणि कोर्ट सगळ्यात आखूड. तोच बॉल तिरका, क्रॉसकोर्ट मारला तर तो नेटच्या खोलगट भागावरून जातो आणि सिंगल्सच्या कोर्टातही त्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 25 मीटरची जागा मिळते. आणि मी? कडेने, सपाट, नेटला घासून, जीव खाऊन. टीव्हीवर तसंच दिसतं ना! टीव्हीचा कॅमेरा उंचावर मागे असतो, त्यामुळे फटके सपाट वाटतात. कोर्टाच्या बाजूला उभं राहून एखादा चांगला खेळाडू बघा. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, चाललेल्या रॅलीत (फटक्यांच्या देवाणघेवाणीत) त्याचा बॉल बऱ्याचदा नेटच्या दोन-दोन हात वरून जातो.

तर माझं मत एवढंच आहे, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी खाली खुशाल भांडावं: नवशिक्याचा प्रश्न ताकदीचा नसतो, उंचीचा असतो. बॉल वर मारायची आपल्याला भीती वाटते, कारण वर गेला की बाहेर जाईल असं वाटतं. म्हणून आपण खाली मारतो, आणि नेट आपलं देणं वसूल करतं.

सर्व्हिसमध्ये तर हे गणित अगदी उघडं पडतं. बेसलाइनपासून नेट 11.885 मीटर, नेटपासून सर्व्हिस लाइन 6.40 मीटर. समजा बॉल दोरी ताणल्यासारखा सरळ रेषेत गेला, तर नेटच्या मधोमध वरून निसटून बॉक्समध्ये (नेट आणि सर्व्हिस लाइनमधल्या चौकोनात) पडायला तो किमान 2.61 मीटर उंचीवरून मारायला हवा. माझी उंची पाच फूट तीन इंच. टाचा उचलून, हात आणि रॅकेट पूर्ण ताणून मी जेमतेम 2.4 मीटरपर्यंत पोचते. म्हणजे मी बॉल खाली हाणला तर तो बॉक्समध्ये जाणं भूमितीलाच मंजूर नाही! तो थोडा वरच मारावा लागतो. मग गुरुत्वाकर्षण आणि फिरकी त्याला खाली आणतात. चार महिने मी "खाली दाबा, खाली दाबा" असं ऐकत होते. कोणाकडून ते सांगत नाही.

फिरकीसाठी पकड बदलावी लागली, आणि हे सगळ्यात जड गेलं. मी रॅकेट धरायची पोळी उलटवायच्या सराट्यासारखी, तोंड समोर. सर्व्हिसला ती हातोडीसारखी धरायची असते, कॉन्टिनेंटल म्हणतात ती पकड. पहिले दोन आठवडे बॉल शेजारच्या कोर्टावर जायचा, "सॉरी हं" म्हणून म्हणून तोंड दुखलं. पण सराट्याने फक्त सपाट मारता येतं. हातोडीच्या पकडीने बॉलच्या कडेला घासून जाता येतं, तो फिरतो आणि वळून बॉक्समध्ये उतरतो.

टॉसचं, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर फेकण्याचं, मात्र कोणी तरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझी सर्व्हिस वाईट नव्हती, टॉस वाईट होता. कधी डोक्यामागे, कधी पार समोर, आणि मी जिथे बॉल तिथे धावायचे. बॉल मनगटाने उडवायचा नाही. हात सरळ ठेवून, लिफ्टने वर न्यावा तसा न्यायचा आणि डोळ्यांच्या वर गेल्यावर सोडायचा. चुकला तर मारायचा नाही, झेलायचा. रॅकेट फिरवली नाही तर तो फॉल्ट धरत नाहीत, नियमच आहे तसा. हे कळायच्या आधी लोकलज्जेपायी किती वाईट टॉस मी मारले असतील त्याचा हिशेब नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी आठवड्यातले तीन दिवस फक्त सर्व्हिस केली. आधी सर्व्हिस लाइनवरून, मग मध्ये उभं राहून, मग बेसलाइनवरून. एकेका अंतरावर दहातले सात आत गेले की मगच मागे सरकायचं. आणि सगळे सेकंड सर्व्ह, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी, जपून मारायची सर्व्हिस. पहिली सर्व्हिस जोरात आणि दुसरी घाबरत, ही आपली देशी पद्धत मी बंदच केली. पहिल्या दिवशी बेसलाइनवरून पन्नासपैकी सतरा आत गेले होते, फेब्रुवारीच्या शेवटी छत्तीस.

हे फक्त आपल्यासारख्यांचंच दुखणं आहे असंही नाही. बेलारूसची टेनिसपटू सबालेंका आठवते? 2022 मध्ये तिची सर्व्हिस इतकी बिघडली होती की ॲडलेडला भर मॅचमध्ये तिने खालून हाताने सर्व्ह केली. वर्षभरात चारशेच्या वर डबल फॉल्ट. मग बायोमेकॅनिक्सच्या (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या) तज्ज्ञाबरोबर बसून तिने हालचालच सुधारली आणि 2023 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. जगात पहिल्या दहातली बाई हालचाल मुळापासून तपासते, आणि आपण मात्र "आज लय लागत नाहीये" म्हणून मोकळे.

काकांना हे सांगितलं तर ते आपल्या जुन्या टेनिसपटू रमेश कृष्णनवर घसरले. त्यांच्या पिढीचा देव तो. सर्व्हिस मऊ, पण 1989 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने जगात पहिल्या क्रमांकाच्या, स्वीडनच्या विलँडरला हरवलं. "जोर कुठं व्हता त्याच्यात?" असं काका विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सर्व्ह करतात.

अजून एक, नागपूरकरांसाठी. मे महिन्यात सकाळी सातलाच कोर्ट तापतं. तापलेल्या बॉलमधली हवा प्रसरण पावते, तो जास्त उसळतो, आणि कालपर्यंत आत पडणारा फटका मागच्या जाळीला लागतो. उन्हाळ्यात मी साडेपाचलाच जाते, तर्री पोहे नंतर. उलट, डबा उघडून महिने झालेले बॉल मेलेले असतात. ते उसळत नाहीत म्हणून आपण जोर लावतो, आणि तीच सवय हाताला लागते. नवशिक्यांनी हिरव्या ठिपक्याचे बॉल वापरायला अजिबात लाजू नये. ते थोडे हळू येतात, पाय जुळवायला वेळ मिळतो. मी ते दोन महिने वापरले. शेजारच्या कोर्टावरची दहा वर्षांची पोरं हसली. हसू देत.

परवा काकांशी पुन्हा सेट झाला. सहा-तीन, हरलेच. डबल फॉल्ट दोन. एक रॅली एकवीस फटक्यांची झाली, आणि शेवटी बॉल नेटमध्ये काकांनी घातला. त्यांनी दुपट्टा सोडून घाम पुसला आणि म्हणाले, "आता जमून राह्यलं बरं का."

बरं, एक काम होतं. सर्व्हिसच्या सरावाला मेलेले बॉलसुद्धा चालतात, उसळीशी देणंघेणंच नसतं. धरमपेठ, रामनगर, सिव्हिल लाइन्सकडे कोणाच्या माळ्यावर जुने बॉल पडून असतील तर इनबॉक्समध्ये कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. माझ्या बादलीत तीसच आहेत, दर दहा मिनिटांनी वेचत बसावं लागतं. फक्त कुत्र्याने चावलेले नकोत, तसे अकरा आधीच आहेत.