पाहुणा, यजमान आणि हिरवे कासव

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत जुन्या अंकांतील निवडक लेख पुन्हा छापावेत अशी सूचना बैठकीत आली, तेव्हा २००३ सालच्या अंकाच्या फाइली माझ्याकडे सुरक्षित आहेत, असे मी सर्वांदेखत सांगून बसलो. त्यात खोटे काही नव्हते. फाइली होत्या, पण पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या होत्या, आणि त्यांतला मजकूर युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये होता. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला असा फाँट संगणकावर नसला, तर संपादकीयाच्या जागी डॉलर, टक्के आणि अवतरणचिन्हांची मिसळ तेवढी दिसते. हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यासाठी फाइल आधी उघडावी लागते, आणि ती उघडणारा पेजमेकर माझ्या जुन्या विंडोज एक्सपीतच काय तो नांदत होता. म्हणून नव्या लॅपटॉपवर मी व्हर्च्युअलबॉक्स उतरवून घेतले आणि त्यात एक आभासी संगणक मांडून त्यावर एक्सपीची यथासांग स्थापना केली. एक्सपीला सुरक्षेची ठिगळे मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबलेले असल्यामुळे त्याची इंटरनेटची जोडणी मात्र तोडून टाकली. पाहुण्याने घरात राहावे, गावभर हिंडू नये.

पाहुणा हा शब्द माझा नव्हे. या व्यवहारात मूळ संगणकाला यजमान आणि त्याच्या पोटातल्या आभासी संगणकाला पाहुणाच म्हणतात. ही परिभाषा मी जरा जास्तच मनावर घेतली.

पहिल्या दिवशी एक्सपी सुरू व्हायला अकरा मिनिटे लागली. मग एक्सपीच्या पडद्यावरची ती प्रसिद्ध हिरवी टेकडी वरून खाली, पट्टीपट्टीने उमटू लागली. हे छायाचित्र १९९६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात काढलेले आहे. आधी आकाश आले, मग ढग आले, आणि गवतापर्यंत पोचायला एवढा वेळ लागला की मूळ टेकडीवर ते याहून लवकर उगवले असावे. स्टार्टचे बटण दाबले की ते आत जाई आणि तिथेच राही. त्यातून, माउसचा बाण एकदा पाहुण्याच्या खिडकीत शिरला की बाहेर यायला तयार नसे. उजवीकडची कंट्रोल कळ दाबली की तो सुटतो, हे कळेपर्यंत मी दोनदा लॅपटॉपचा वीजपुरवठाच बंद केला होता.

पाहुणा मलूल दिसतो म्हणजे तो उपाशी असणार, असे आमच्या घरातले जुने निदान आहे. मी सेटिंग्ज उघडली. तिथे रॅमसाठी एक सरकपट्टी असते. तिचा डावीकडचा भाग हिरवा आणि उजवीकडचा तांबडा. हिरव्यात राहावे, हे सिग्नल पाळणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये. पण पंगतीत ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याच्या पानावर आणखी दोन जिलब्या टाकल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्या कुळातला मी आहे. लॅपटॉपच्या आठ जीबी रॅमपैकी सहा जीबी मी पाहुण्याला वाढली, प्रोसेसरचे चारही कोअर त्याच्या पुढ्यात मांडले आणि हात जोडून बसलो.

आता एक्सपीला अठरा मिनिटे लागली. ती मोजण्यासाठी मनगटावरचे घड्याळ वापरावे लागले, कारण लॅपटॉपचे घड्याळही मध्येच थबकत होते.

कारण समजले तेव्हा ते लाजिरवाणे होते. ३२ बिटांच्या एक्सपीला चार जीबीदेखील पुरती वापरता येत नाही. म्हणजे मी वाढलेल्या सहातले दोन जीबींहून अधिक पानातच राहत होते, आणि उरलेल्या दोन जीबीत संसार करणारे यजमान विंडोज उसनवारीसाठी सारखे डिस्ककडे धावत होते. कोअरची कथाही तीच. मुळात एकाच प्रोसेसरवर बसवलेल्या एक्सपीला बाकीचे तीन दिसतही नव्हते, आणि व्हर्च्युअलबॉक्स मात्र सगळ्यांची बडदास्त ठेवत होते. वास्तविक एक्सपी बाजारात आले तेव्हा त्याची शिफारस १२८ एमबीची होती. सहा जीबी म्हणजे त्याच्या अठ्ठेचाळीस पट. हा आग्रह नव्हे, छळ होता. मी त्याला एक जीबी आणि एक कोअर देऊन पंगतीतून उठवले. पाच मिनिटे वाचली.

पुढची सात मिनिटे डिस्कने खाल्ली होती. काही बिघडले तर परत फिरता यावे म्हणून मी प्रत्येक उद्योगाआधी स्नॅपशॉट घेत होतो, आणि ‘फाँट टाकण्यापूर्वी’, ‘फाँट टाकल्यानंतर’, ‘पुन्हा फाँट टाकण्यापूर्वी’ असे चौदा स्नॅपशॉट साचले होते. प्रत्येक स्नॅपशॉटमागे फरकांची एक वेगळी फाइल तयार होते. एखादी गोष्ट शोधायची तर शेवटच्या फाइलीपासून मागे मागे जावे लागते, जसे भाऊबंदकीच्या जमिनीत सातबाऱ्यावरून फेरफार शोधत पणजोबांपर्यंत पोचावे लागते. त्यातही हे सारे दप्तर मी मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या जुन्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले होते. स्नॅपशॉट पुसले, ते एकमेकांत विलीन व्हायला अख्खी दुपार गेली, आणि मग ती भली मोठी फाइल लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर आणली. गेस्ट ॲडिशन्स नावाचे, मुळात पहिल्याच दिवशी बसवायचे पूरक सॉफ्टवेअर बसवल्यावर टेकडीही एका दमात उमटू लागली आणि माउस मोकळेपणाने ये-जा करू लागला.

तरीही काहीतरी अडत होते. एक्सपी सहा मिनिटांवर येऊन हटून बसले होते. अशा वेळी माणूस खिडकीच्या तळाकडची बारीक चित्रे पाहू लागतो, आणि तिथे मला एक हिरवे कासव दिसले. मला वाटले, कोणीतरी माझी थट्टा मांडली आहे. ती थट्टा नव्हती; प्रोसेसरमधली आभासीकरणाची सोय थेट हाती न लागता विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही या आभासी संगणक चालवणाऱ्या यंत्रणेमार्फत काम करावे लागत असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स ते कासव दाखवते. आणि हायपर-व्ही चालू असले की खुद्द विंडोजही त्याच्यावरच चालते. म्हणजे ज्याच्या जिवावर मी एवढी पंगत मांडली होती, तो यजमानच भाडेकरू होता आणि माझा पाहुणा पोटभाडेकरू.

हायपर-व्ही जागे कोणी केले याचा तपास मी केला नाही. भाच्याला विचारावेसे वाटले, पण एकदा तरी त्याच्या मदतीवाचून काही करून दाखवावे, या ईर्षेने काळी खिडकी उघडली, प्रशासकाच्या अधिकाराने हायपर-व्ही बंद करणारी बीसीडीएडिटची आज्ञा एकेक अक्षर बोटाने पडताळत लिहिली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. कासव गेले. चाळीस सेकंदांत टेकडी, पेजमेकर आणि २००३ सालचे संपादकीय, तिन्ही हजर झाले. संपादकीयाच्या पहिल्याच ओळीत ‘कार्यकर्त्यांनी’तला रफार उडालेला होता, आणि तो वीस वर्षांपूर्वी मीच उडवलेला होता.

शनिवारी भाचा आला. लॅपटॉप घेऊन बसला आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“मामा, माझा उबंटू सुरू होत नाहीये. तुम्ही काही केलंत का?”

कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्याने विंडोजच्या आत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारे डब्ल्यूएसएल २ माझ्याच लॅपटॉपवर बसवले होते, त्यात त्याचा उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, राहत होता, आणि त्याला नेमके तेच हायपर-व्ही लागत होते. ते बंद राहिले की विंडोजची काही सुरक्षाकवचेही बंद राहतात, हे त्याने मला जरा चढ्या आवाजात सांगितले, आणि त्याचे बरोबर होते. एका वेळी एकाचीच सोय होणार आणि दरवेळी लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागणार, असा तह झाला. आता फ्रिजवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी एक कागद चिकटवलेला आहे: सोम, बुध, शुक्र उबंटू, मंगळ, गुरू एक्सपी. शनिवारचे भांडण मिटलेले नाही. रविवारी लॅपटॉप माझ्या पत्नीकडे असतो; तिच्याकडे पाहुणे येत नाहीत.